खरखरीची गोष्ट : ट्रामपासून चार्जरपर्यंत

(रेडिओवर दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

रेडिओवर बोलायची संधी मिळाली की माणसं सहसा गोड विषय निवडतात. मी मात्र आज खरखरीबद्दल बोलणार आहे. तीच खरखर, जी शेजारी मिक्सर लागला की रेडिओतून येते, दारावरून जुनी मोटारसायकल गेली की येते, आणि अलीकडे विजेवरची गाडी चार्जिंगला लावली की काही ठिकाणी येऊ लागली आहे. अभियंते तिला विद्युतचुंबकीय व्यत्यय असं भारदस्त नाव देतात. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ऐकणं हा माझ्याही धंद्याचाच भाग असल्यामुळे ऐकण्यात व्यत्यय आणणाऱ्या गोष्टींबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे.

मुळात प्रकरण साधं आहे. तारेतून वाहणारी वीज बदलली, कमी-जास्त झाली, तुटली किंवा जुळली, की तिच्याभोवतीचं चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रही हलतं. हे हलणं तारेपुरतं थांबत नाही, आजूबाजूला पसरतं. तिथं जवळ एखादं नाजूक, कान टवकारून बसलेलं यंत्र असेल तर त्याला ते ऐकू जातं. पिठाच्या गिरणीशेजारी कविसंमेलन भरवावं, तसं हे. अशा वेळी उपाय तीनच. गिरणीचा आवाज कमी करा, मधे भिंत घाला, नाहीतर संमेलन दुसऱ्या गावाला न्या. आज चार्जिंग स्टेशनांच्या बाबतीत जगभरचे अभियंते ज्या खटपटी करत आहेत, त्या या तिन्हीतच मोडतात.

आणि तिसरा उपाय, म्हणजे संमेलनच हलवण्याचा, आपल्या मुंबईनं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेला आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनापायी.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली बांधली, ती आकाशातले तारे पाहण्यासाठी. पण तिचं नाव झालं ते जमिनीच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींमुळे. १८४१ पासून ही निरीक्षणं सुरू झाली आणि १८४६ पासून ती नियमित होऊ लागली. त्या सुरुवातीच्या काळात दोन मराठी माणसं तिथं वावरली आहेत. एक ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी काही काळ या वेधशाळेचं काम सांभाळलं. दुसरे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. ते तिथं साहाय्यक होते, आणि पुढे पुण्यात टिळकांना गणित शिकवणारे प्राध्यापक म्हणून सगळ्यांना ठाऊक झाले. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी ६ जानेवारीला जांभेकरांचं स्मरण करावं हे योग्यच आहे. पण तोच माणूस लोहचुंबकाच्या सुईची हालचाल लिहून ठेवणाऱ्या वेधशाळेचंही काम पाहत होता, हे आपण फारसं सांगत नाही.

ही सुई फार हळवी असते. रेशमाच्या धाग्यानं किंवा तत्सम काही करून टांगलेला चुंबक, त्याच्यावर लहानसा आरसा, आणि दूरवरून दुर्बिणीतून त्या आरशात दिसणारी मोजपट्टी. चुंबक केसभर वळला तरी पट्टीवरचा आकडा सरकलेला दिसतो. अशाच यंत्राच्या नोंदी करताना १८५९ सालच्या सप्टेंबरात कुलाब्याच्या निरीक्षकांना सुई वेड्यासारखी वागताना दिसली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञानं सूर्यावर प्रखर उजेडाचा लोळ पाहिला होता. त्याचा तडाखा पृथ्वीच्या चुंबकत्वाला बसला तो २ सप्टेंबरला, आणि कुलाब्यात तेव्हा दिवस होता. तिथल्या माणसांनी न घाबरता काही मिनिटांच्या अंतरानं आकडे हातानं लिहून काढले. त्या वह्या दीडशे वर्षं पडून होत्या. २००३ साली अमेरिकी, ब्राझिली आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा आडव्या दिशेचं चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचं दिसलं. एरवी साध्या दिवशी ही सुई दिवसभरात काही दहा नॅनोटेस्ला हलते. म्हणजे केवढं वादळ ते! आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांना सूर्याच्या वादळापासून किती धोका आहे याचा हिशेब जगात कुठंही मांडायचा झाला, तर कुलाब्याचा हा आलेख समोर ठेवावा लागतो.

आता या हळव्या सुईच्या दारात ट्राम येऊन उभी राहते.

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, तीच मुळी कुलाब्याहून पायधुणीपर्यंत. घोड्यांनी वेधशाळेला काही त्रास दिला नाही. उन्हाळ्यात त्या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत असत म्हणतात, पण टोप्या चुंबकीय नव्हत्या. विसावं शतक उजाडता उजाडता ट्राम विजेवर चालवायचं घाटू लागलं आणि चित्र बदललं. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते, मोटारीतून जाते आणि रुळांतून परतते. निदान परतावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात रूळ जमिनीवर टेकलेले, त्यामुळे थोडी वीज वाट सोडून मातीत शिरते आणि पाण्याच्या नळांमधून, ओल्या जमिनीतून वाटेल तशी फिरून वीजघरात पोचते. गाडी सुटली की प्रवाह वाढतो, थांबली की पडतो. दिवसभर शेकडो वेळा. एखाद्या ट्रामनं स्टॉपवर ब्रेक लावला तरी वेधशाळेतली सुई दचकणार. सुईला काय, सूर्य आणि ट्राम दोन्ही सारखेच.

हा फक्त मुंबईचा प्रश्न नव्हता. कॅनडातल्या टोरोंटोची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्रामला कंटाळून १८९८ साली शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्ट इथं गेली होती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं चुंबकीय काम पुढे १९०८ साली थेट स्कॉटलंडच्या निर्जन एस्कडेलम्यूरला हलवावं लागलं. सगळीकडे एकच न्याय : शहराला गाडी हवी, तेव्हा ऐकणाऱ्यानं उठून जावं.

कुलाब्याचे संचालक त्या वेळी नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस होते. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. मूस यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. सुई हलवायची, पण साठ वर्षांची नोंद तुटू द्यायची नाही. त्यांनी जागा शोधली ती अलिबागची. मुंबईपासून समुद्रापलीकडे तीसेक किलोमीटरवर, विजेच्या गाड्यांच्या आवाक्याबाहेर, पण तरीही इतकी जवळ की पृथ्वीचं चुंबकत्व दोन्हीकडे जवळपास सारखंच वागावं. तिथं बांधलेल्या इमारतीत लोखंड वापरलं नाही. पोरबंदरचा चुंबकीय नसलेला दगड आणला, आणि खिळे, बिजागऱ्या, कड्या लागतील तिथं तांबं-पितळ वापरलं. मग १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोघींची चाल ताडून पाहिली, फरक किती पडतो ते लिहून ठेवलं आणि मगच कुलाब्याची सुई थांबवली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. तोपर्यंत सुई समुद्र ओलांडून गेली होती. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचं विवेचन करणारे मूस यांचे ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाले आणि आजही त्यांचा दाखला दिला जातो.

गंमत अशी की कुलाब्याहून निघालेली वेधशाळा गेली तीही कुलाबा जिल्ह्यातच. रायगड हे नाव १९८१ साली आलं, त्याआधी अलिबाग हे कुलाबा जिल्ह्याचं ठाणं होतं. समुद्रातला किल्लाही कुलाबाच. ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली. जिच्यासाठी जागा रिकामी केली ती सत्तावन्न वर्षांत गेली, आणि जी उठून गेली ती अलिबागला अजून नोंदी घेत बसली आहे.

इथवर व्यत्यय येत होता तो सुईला. रेडिओ आला आणि प्रत्येक घरात एक सुई येऊन बसली म्हणा ना. खरं तर रेडिओचा जन्मच ठिणगीतून झाला. हर्ट्झनं जर्मनीत १८८०च्या दशकात विद्युत लहरी सिद्ध केल्या त्या ठिणगी पाडूनच. मार्कोनीची सुरुवातीची यंत्रंही ठिणगीचीच. ठिणगीचा दोष असा की ती एका सुरात गातच नाही, सगळ्या सुरांत एकदम ओरडते. दोन ठिणगी-यंत्रं जवळ आली की कुणाचंच कुणाला कळत नसे. १४ एप्रिल १९१२च्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजाच्या तारायंत्रज्ञानं जवळच असलेल्या ‘टायटॅनिक’ला कळवलं, की आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. टायटॅनिकचा यंत्रज्ञ त्या वेळी दूरच्या केप रेस केंद्राशी प्रवाशांचे निरोप पाठवत होता. क्षीण आवाज ऐकण्यासाठी कान लावून बसलेल्या त्या माणसाच्या कानात शेजारच्या जहाजाची ठिणगी कडाडली. वैतागून त्यानं त्याला गप्प बसायला सांगितलं. कॅलिफोर्नियनचा माणूस गप्प बसला, थोड्या वेळानं यंत्र बंद करून झोपलाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टायटॅनिक बुडायला अनेक कारणं झाली, पण त्या रात्रीच्या कारणांमध्ये खरखरही होती. पुढे १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठिणगीच्या प्रेषकांना हळूहळू निरोप द्यायचं ठरलं.

पण मोटारगाडीच्या इंजिनातली ठिणगी कोण काढणार? पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो, आणि प्रत्येक स्पार्क हा एक चिमुकला ठिणगी-प्रेषकच असतो. १९३०च्या सुमारास मोटारीत रेडिओ बसवायला सुरुवात झाली, तेव्हा आधी स्वतःच्याच गाडीचा आवाज दाबावा लागला. प्लगच्या तारेत रोधक घालून ते काम झालं. १९३४ साली पॅरिसमध्ये या सगळ्या व्यत्ययांचं मोजमाप कसं करायचं, किती चालवून घ्यायचा, हे ठरवण्यासाठी एक खास आंतरराष्ट्रीय समिती बसली. तिच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘सिस्पर’ म्हणतात. ही समिती अजून आहे, आणि आज चार्जरवर जे नियम लागतात त्यांचं मूळ तिच्याच कागदांत सापडतं. ब्रिटननं १९५२ साली तर कायद्याचे नियमच केले, की नव्या मोटारींच्या इग्निशननं रेडिओ-टेलिव्हिजनला त्रास देता कामा नये. लोकांच्या घरात टीव्हीच्या पडद्यावर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर ठिपके नाचत होते, म्हणून.

आपल्याकडे हे सगळं यायला वेळ लागला. माझ्या लहानपणी रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याला, इफ्तार झाली की घरातली मोठी माणसं रेडिओभोवती बसायची. चांद कुठं दिसला का, ही बातमी ऐकायला. नेमकं त्याच वेळी दारावरून फटफटी जायची आणि गावाचं नाव खरखरीत बुडायचं. मग दिल्ली म्हणाले की दिवली, यावर चर्चा. वडील म्हणायचे, थांबा, बातमी पुन्हा सांगतील. ती सांगायचेही. पण तेवढ्या वेळात आजीनं शेवयांचा डबा दोनदा खाली काढून दोनदा वर ठेवलेला असायचा.

आता विजेची गाडी. तिच्यात स्पार्क प्लग नाही, म्हणजे खरं तर ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा शांत असायला हवी. कानांना ती शांत आहेच. रेडिओला मात्र नाही.

विजेच्या गाड्या नव्या आहेत असा आपला समज असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्या भरपूर होत्या, आणि त्या चार्ज करण्यासाठी घराच्या गॅरेजात काचेचा मोठा फुगा ठेवत. पीटर कूपर हेविट यानं १९०२च्या सुमारास शोधलेला हा पाऱ्याचा रेक्टिफायर. आतल्या पाऱ्याच्या वाफेत निळा-जांभळा उजेड थरथरत असे आणि त्यातून घरातली उलटसुलट वीज एका दिशेची होऊन बॅटरीत जाई. त्यानंही लहरी पसरत असणारच, पण तक्रार करायला शेजारी रेडिओच नव्हता. प्रसारण सुरू झालं १९२०नंतर, आणि तोवर विजेच्या गाड्या मागे पडू लागल्या होत्या.

आजच्या चार्जरमध्ये पारा नाही, ट्रान्झिस्टर आहेत. ते विजेचं दार सेकंदाला हजारो, कधी लाखभर वेळा उघडतात आणि मिटतात. हे दार जितकं झटकन मिटेल तितकी वीज कमी वाया जाते, यंत्र कमी तापतं, पेटी लहान होते. म्हणून सिलिकॉन कार्बाइडचे नवे ट्रान्झिस्टर आले, जे एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या काही मोजक्या दहा भागांत दार मिटतात. पण जितकं झटकन, तितकं दणकन. दाराचा आवाज हा फक्त त्या एका कंपनसंख्येत राहत नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की नीट ऐकणाऱ्याला तिच्यातून गंधारही ऐकू येतो. तसंच इथं होतं. एक लाख हर्ट्झला दार वाजत असेल तर दोन लाख, तीन लाख, सहा लाख, दहा लाख असे त्याचे पडसाद वरवर चढत जातात. मध्यम लहरींची आकाशवाणी साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहते. पडसाद नेमके तिच्या अंगणात उतरतात. तंबोऱ्याचा गंधार मात्र कानाला गोड लागतो.

ही खरखर बाहेर पडते कशी? दोन वाटांनी. एक, आली त्याच तारेनं उलटी घरच्या वायरिंगमध्ये आणि तिथून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे. दुसरी, हवेतून. चार्जरपासून गाडीपर्यंत जाणारी चार-पाच मीटरची जाड केबल ही आयती एरियल असते. आणि ट्रामच्या वेळचा जुना चोर इथंही आहेच : जी वीज ठरलेल्या तारेनं परतायला हवी ती थोडी वाट सोडते, यंत्राच्या धातूच्या पेटीतून, अर्थिंगमधून भटकून येते. ही भटकी वीजच सर्वात जास्त त्रास देते.

उपायही वाटेवाटेवर आहेत. दार थोडं सावकाश मिटवणं, किंवा तारेतला दाब शून्यावर असतानाच मिटवणं, म्हणजे दणका बसत नाही. तारेवर फेराइटचं कडं चढवणं आणि चोकची गुंडाळी घालणं. कामाची वीज तिच्यातून सहज जाते, भटकी वीज अडते. कपॅसिटर लावून खरखरीला पेटीच्या आतच आखूड रस्त्यानं परत पाठवणं. केबलवर तांब्याची विणलेली जाळी घालणं, आणि ती जाळी टोकाला एका तारेनं नव्हे तर सगळ्या घेरानं पेटीला जोडणं. पेटीच्या झाकणाला फट न ठेवणं. यात प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. दार सावकाश मिटवलं तर यंत्र तापतं. कपॅसिटर फार वाढवले तर जमिनीत जाणारी वीज वाढते आणि शॉक लागू नये म्हणून बसवलेलं सुरक्षेचं बटण विनाकारण पडू लागतं. अभियंत्यांचं काम मला इथं कवितेतल्या मात्रांसारखं वाटतं. एक सांभाळावी तर दुसरी हलते.

शिवाय चार्जर फक्त दुसऱ्यांना त्रास देतो असं नाही, स्वतःलाही देतो. गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलत असतात : बॅटरी किती भरली, किती वीज झेपेल, थांबू की चालू ठेवू. आपल्याकडच्या बऱ्याच जलद चार्जरांमध्ये हे बोलणं त्या जाड केबलच्या आतल्याच एका बारीक तारेवरून चालतं. शेकडो अँपिअरचा गोंगाट शेजारी, आणि हे दोघं कुजबुजत आहेत. कुजबुज ऐकू आली नाही तर गाडी शहाण्यासारखी चार्जिंग बंद करते. रात्री डेपोत लावलेली बस सकाळी अर्धीच भरलेली सापडावी, एवढं पुरतं. एस.टी.ची पहिली विजेची बस ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर १९४८ साली त्याच तारखेला एस.टी.ची पहिली गाडी सुटली होती. अशा बसचे प्रवासी खरखर ऐकत नाहीत, पण त्यांचं वेळेवर पोचणं तिच्यावर अवलंबून असतं.

हृदयात पेसमेकर असलेल्यांना या यंत्रांची धास्ती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. २०२३ साली जर्मनीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पेसमेकर किंवा तशी यंत्रं बसवलेल्या १३० जणांनी जलद चार्जरवर एकूण ५६१ वेळा गाड्या लावल्या, आणि एकदाही व्यत्यय आढळला नाही. शरीरातल्या यंत्रांना अशा गोंगाटापासून वाचवणारं आवरण घालण्याची काळजी बनवणाऱ्यांनी आधीच घेतलेली असते, त्याचं हे फळ. तरी केबल छातीशी कवटाळून उभं राहू नये, हे साधं पथ्य पाळायला काय हरकत आहे?

मग नियम नाहीत का? आहेत. चार्जरनं किती खरखर सोडावी याची आंतरराष्ट्रीय मानकं २०१७ आणि २०१८ साली आली. आपल्या भारतीय मानक ब्युरोची आयएस १७०१७ ही मालिका आहे. पुण्याची एआरएआय ही संस्था गाड्यांची अशी तपासणी करते. त्यासाठी आवाज गिळणाऱ्या त्रिकोणी फोमनं भिंती मढवलेली खोली लागते. पण तिथं तपासला जातो तो नमुना. पुढे तसे शेकडो नग बनतात, कुणीतरी ते ट्रकमधून उतरवतं, भिंतीला ठोकतं, तारा जोडतं. आणि कारखान्यांच्या भागासाठीची मर्यादा सैल असते, राहत्या घरांसाठीची कडक. चार्जर नेमका कुठल्या मर्यादेत तपासला आहे, हे विचारणारा ग्राहक मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय झाली तेव्हाची गोष्ट. तळमजल्यावर एक आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे. सकाळच्या मराठी बातम्या त्यांना मध्यम लहरींवरच लागतात. मोबाइलवरही त्या येतात असं नातवानं शंभरदा सांगून झालं, पण मोबाइल म्हणजे रेडिओ नव्हे, हे त्यांचं म्हणणं. चार्जर लागल्यापासून बातम्यांच्या जागी भाजी तळल्यासारखा आवाज. गाडीवाल्यांना वाटलं, म्हातारा उगाच कुरकुरतो. तिसऱ्या खेपेला आलेला तंत्रज्ञ पोरगेलासा होता, पण कामाचा निघाला. त्यानं आजोबांचाच रेडिओ मागून घेतला आणि तो हातात धरून पार्किंगभर फिरला, डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन फिरतात तसा. अशी भिंतीवरची घरगुती पेटी म्हणजे बहुतेक करून शहाणा स्विच असतो. वीज बदलण्याचं काम गाडीच्या पोटातलं यंत्र करतं, आणि त्याची खरखर तारेनं मागं येते. पेटीमागे अर्थिंगची तार दहा-बारा फूट जास्तीची होती, ती कापण्याऐवजी कुणीतरी सुबक वेटोळं करून खोचली होती. वेटोळं म्हणजे भटक्या विजेसाठी अडथळाच. ती परतण्याऐवजी इमारतीच्या वायरिंगमध्ये शिरत होती. त्यानं तार आखूड केली, सैल झालेला एक स्क्रू आवळला, पुरवठ्याच्या तारेवर दोन फेराइटची कडी चढवली. खरखर गेली नाही, पण बातम्या तिच्यावर आल्या. खर्च फारसा झाला नाही. भांडणात मात्र दीड महिना गेला होता.

आजोबांसारख्यांची बाजू घेणारं जगात कुणी नाही असं नाही. अमेरिकेत अनेक मोटार कंपन्यांनी विजेच्या गाड्यांमधून मध्यम लहरींचा रेडिओच काढून टाकला. कारण हेच : गाडीच्या यंत्रणेची खरखर दाबायला पैसे पडतात. २०२३च्या मे महिन्यात तिथल्या संसदेत प्रत्येक गाडीत हा रेडिओ असलाच पाहिजे असं विधेयक आलं. वादळात, पुरात मोबाइलचे मनोरे झोपतात तेव्हा शेकडो मैलांवरून ऐकू येणारा तोच एक आवाज उरतो, हा युक्तिवाद. फोर्ड कंपनीनं त्याच महिन्यात आपला निर्णय फिरवला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आधी कंपन्यांनी पुन्हा तोच जुना उपाय काढला होता. गिरणी चालू द्या, संमेलन उठवा.

आपल्याकडे दुसरं एक मोठं संमेलन भरलेलं आहे, आणि ते उठवता येण्यासारखं नाही. जुन्नर तालुक्यातलं खोडद. नारायणगावजवळच्या या परिसरात गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी त्या ऐकतात, आणि त्या इतक्या क्षीण असतात की जवळच्या घरातली बिघडलेली ट्यूबलाइटही त्यांच्यापुढे कर्णा वाटावी. ही जागा निवडली तीच मुळी इथं माणसाचा गोंगाट कमी म्हणून. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा आराखडा याच भागातून जात होता. दुर्बिणीकडून हरकत आली. विजेच्या गाडीच्या ठिणग्या आणि प्रवाह तबकड्यांना बहिरं करतील, ही भीती होती. २०२५पर्यंत तो मार्ग बाजूला पडून दुसऱ्या वाटेचा विचार सुरू झाला. नारायणगाव, मंचर, संगमनेरच्या लोकांना रेल्वे हवी होती, त्यांची नाराजी खरी आहे. ती मला हसण्यावारी नेता येत नाही. बाजार समितीत टोमॅटो घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला आकाशगंगेचं काय देणं-घेणं, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. मूस यांच्या वेळी सुईचं सामान होडीत घालून नेता आलं. तीस तबकड्या कुठं नेणार?

रेल्वेचा निदान नकाशा असतो. रेघ कुठून जाते ते दिसतं, हरकत घेता येते, रेघ वळवता येते. चार्जरचा नकाशा नसतो. पुणे–नाशिक रस्त्यावरचा प्रत्येक ढाबा, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय उद्या एक पेटी बसवील, आणि ती पेटी लावायला आलेला मुलगा अर्थिंगची उरलेली तार कापायची की वेटोळं करून मागे खोचायची, हे तिथल्या तिथं ठरवील.